बाटलीवरचा सातबारा

बाटली उघडायच्या आधी मावसभावाने ती माझ्यापुढे सरकवली आणि म्हणाला, “दादा, आधी वाच तर खरं.” वाचण्यासारखं फार काही नव्हतं. ‘स्कर्फबर्ग’ हे नाव, २०१७ हे साल, करणाऱ्या घराचं नाव सादी. पदकांच्या सोनेरी चकत्या नाहीत, ‘मासळीबरोबर उत्तम लागते’ असा आगाऊ सल्ला नाही. स्कर्फ म्हणजे खरबरीत, खवले धरल्यासारखं. बर्ग म्हणजे डोंगर, आणि त्यातला शेवटचा ‘ग’ तिथली माणसं घशातून ‘ख’सारखा काढतात. ही बाटली ज्या मालिकेतली, तिचं आफ्रिकान्स नाव ‘दी ओव्हिंगर्टरीक्स’, म्हणजे जुन्या बागांची मालिका. सगळं मराठीत आणलं तर हाती उरतं ते एवढंच: खरबरीत डोंगर, जुनी बाग, अमुक साल, तमुक खातेदार. सातबाऱ्यावर असतो तेवढाच मजकूर.

मी निफाडकडचा, द्राक्षाच्या घरातला. सातबारा दिसला की आमचे डोळे आधी ‘इतर हक्क’च्या रकान्याकडे जातात. खातेदार कोण ते सगळ्या गावाला माहीत असतं. भानगड असते ती त्या रकान्यात. ती सवय या बाटलीपाशीही सुटली नाही, पण त्याकडे नंतर येतो.

ही मालिका २००९च्या हंगामापासून सुरू झाली. करणारा एबेन सादी. मराठी कानाला हे आडनाव भलतंच शोभून दिसतं, कारण त्याची करण्याची रीतही तशीच आहे: घड देठासकट दाबायचे, रस जुन्या लाकडी पिंपांत सोडायचा, बाहेरून यीस्ट आणून टाकायचं नाही, सालींवर आणि हवेत जे आहे त्यालाच आंबवू द्यायचं, आणि मग वर्षभर गाळावर तसंच राहू द्यायचं. नव्या लाकडाचा व्हॅनिलासारखा वास नको म्हणून पिंपं जुनी. मालिकेतल्या बाकीच्या बाटल्यांची नावंही अशीच शेतावरून पडलेली. स्केरपिऊन म्हणजे विंचू, फूटपाट म्हणजे पाऊलवाट, ट्रेनस्पोर म्हणजे रेल्वेचा रूळ, कोकरबोम हे त्या कोरड्या मुलखातलं एक झाड, आणि मेव्रौ कर्स्टन तर चक्क एक बाई. आपल्याकडे शेताला ‘चिंचेचं’, ‘ओढ्याकडचं’, ‘मसणवटीचं’ म्हणतात, त्यातलाच प्रकार. फ्रेंच बाटल्यांवरचे किल्ले आणि सरदारघराणी वाचून कंटाळलेल्या माणसाला ही नावं वाचूनच अर्धी तहान भागल्यासारखी वाटते.

आणि तरीही ही गरिबाची बाटली नव्हे. दर वर्षी नवं साल बाहेर पडलं की जुन्या गिऱ्हाइकांना कोटा ठरवून मिळतो. कुणाला दोन, कुणाला तीन, नव्या माणसाला पुढच्या वर्षी बघू. मावसभाऊ केप टाउनला नोकरीला. कितीएक वर्षं एका व्यापाऱ्याच्या मागे लागून त्याच्या वाट्याला तीन आल्या. त्याच्या ओळखीचे काही संग्राहक त्या तळघरात तेरा अंशांवर झोपवून ठेवतात आणि लिलावांचे भाव बघत बसतात. केपच्या वाइनकर्त्यांच्या गिल्डचा लिलाव १९८५ पासून भरतो, त्यामुळे ही हौस तिथे नवी नाही. नवी गोष्ट एवढीच, की जुन्या वेलीच्या पांढऱ्या वाइनसाठी आता लोक रांगेत उभे आहेत. एके काळी हेच द्राक्ष टनावर विकलं जाई आणि ब्रँडीच्या भट्टीत जाई.

द्राक्ष म्हणजे शेनिन ब्लाँ. फ्रान्समधल्या लुआर नदीकाठचं हे द्राक्ष डच काळातच केपला पोहोचलं आणि तिथे ‘स्टीन’ या नावाने इतकं रुळलं, की आपण शेनिन आहोत हे ते विसरूनच गेलं. दोन्ही एकच, हे स्टेलनबॉशच्या संशोधकांनी ओळखलं ते थेट १९६०च्या दशकात. आज फ्रान्सपेक्षा जास्त शेनिन दक्षिण आफ्रिकेत आहे. पण संख्या म्हणजे मान नव्हे. १९५९ साली बाजारात आलेली लीबरस्टाइन नावाची अर्धगोड स्वस्त वाइन प्रामुख्याने याच द्राक्षावर उभी होती. १९६४ मध्ये तिची विक्री ३ कोटी १० लाख लिटरवर गेली आणि जगात सर्वांत जास्त खपणारी बाटलीबंद वाइन म्हणून ती मिरवली. १९१८ मध्ये स्थापन झालेल्या केडब्ल्यूव्ही या बलाढ्य सहकारी संस्थेच्या हाती भाव आणि कोटा. लागवडीचा कोटा उठला तो १९९२ मध्ये. भाव वजनावर आणि साखरेवर. अशा बाजारात जास्त पिकवणारी वेल शहाणी आणि कमी पिकवणारी वेल मूर्ख. पुढे वर्णद्वेषी राजवट गेली, निर्यात खुली झाली, तेव्हा जगाला लाल कॅबर्ने हवी म्हणून शेनिनच्या जुन्या बागा उपटायचा सपाटाच लागला.

त्या सपाट्यात ज्या वाचल्या, त्या बहुतेक आळसाने किंवा गरिबीने वाचल्या. मालकाला उपटायलाही परवडत नव्हतं म्हणून. त्या शोधून काढल्या रोझा क्रूगर या बाईने. आधी वकील, मग पत्रकार, मग वेलींची जाणकार. २००२च्या सुमारास तिने जुन्या बागांची नोंद करायला सुरुवात केली: कागद चाळायचे, शेतकऱ्यांना विचारायचं, गाडी घेऊन डोंगर पालथे घालायचे. तलाठी आणि पुरातत्त्ववाले यांच्या मधलं काम. २०१६ मध्ये त्यातून ‘ओल्ड व्हाइन प्रोजेक्ट’ उभा राहिला, आणि २०१८ पासून ३५ वर्षांपुढच्या बागांना प्रमाणपत्र मिळू लागलं. अशा बाटलीच्या मानेवर एक छोटी मोहोर लागते, आणि तिच्यावर ती बाग कोणत्या साली लावली ते छापलेलं असतं. वाइनच्या बाटलीवर द्राक्ष तोडल्याचं साल तर असतंच. लावल्याचं साल छापायची ही पद्धत मात्र जगावेगळी. आमच्या भाषेत, पीक पाहणीबरोबर मूळ फेरफारही जोडला म्हणायचा.

आता डोंगराकडे जाऊ.

केप टाउनहून एन-७ रस्त्याने उत्तरेला निघालं, की पिकनीर्सक्लूफचा घाट लागतो आणि पलीकडे ओलिफांट्स नदीच्या खोऱ्यात सिट्रसडाल. नावाप्रमाणे सगळीकडे संत्री. तिथून आणखी वर, पश्चिमेला वळत गेलं की संत्री संपतात, डांबर संपतं आणि लाल वाळू सुरू होते. खडकांचे खरबरीत कंगोरे, मधूनमधून रूइबोसच्या सुईसारख्या पानांच्या रांगा. हा चहा याच सेडरबर्गच्या परिसरात पिकतो. आम्ही गेलो तो जुलै, म्हणजे तिथला ऐन हिवाळा. वेलींवर पान नव्हतं.

वेल म्हटल्यावर आमच्या डोळ्यांपुढे मंडप येतो. नाहीतर वाय आकाराचे लोखंडी अँगल, तारा, ठिबकच्या काळ्या नळ्या. इथे काहीच नाही. वाळूत गुडघ्याएवढा एकेक खुंट, माझ्या मांडीएवढा जाड, साल धाग्याधाग्याने सुटलेली, काहींच्या पोटात पोकळी, एवढी की मूठ आत जावी. मी घातलीही. आत कोरडं, उबदार, मुंग्यांची रांग चाललेली. लाकूड निम्मं मेलेलं. एका बाजूला मात्र बोटभर रुंदीची जिवंत पट्टी, आणि तिच्या टोकाला दोन डोळ्यांवर छाटलेली काडी. एवढ्या पट्टीतून सगळा व्यवहार चालायचा. पाणी द्यायची सोय नाही. आकाशातून पडेल तेवढं. आणि या वेलींना कलमही नाही. १८८६ मध्ये केपमध्ये फायलॉक्सेरा सापडला, मुळं कुरतडणारी ती कीड. तेव्हापासून बहुतेक बागा अमेरिकन खुंटावर कलम करून लावाव्या लागल्या. पण निव्वळ वाळूत त्या किडीचं चालत नाही. म्हणून इथल्या शेनिनच्या वेली स्वतःच्याच मुळांवर उभ्या आहेत, सत्तरी ओलांडून.

मला आमची बाग आठवली. अण्णांनी तेरा वर्षांची थॉमसनची बाग जेसीबी लावून काढली होती. घड लहान पडायला लागले, एक्स्पोर्टच्या मापात मणी बसेना, औषधांचा खर्च निघेना. डॉगरिजच्या खुंटावरची वेल, एप्रिलला खरड छाटणी, ऑक्टोबरला फळछाटणी. बिचारीला वर्षात एकदाही झोप नाही. तेरा वर्षांत तिने तिच्या आयुष्याचं काम करून टाकलं होतं. दोन दिवसांत सगळं उपटून बांधावर पडलं आणि पुढचा हिवाळाभर शेजारपाजारच्या चुली त्या सरपणावर पेटल्या. अण्णा चुकले असं मी आजही म्हणणार नाही. कर्जाचा हप्ता वेलीचं वय विचारत नाही. शेनिन तर नाशकातही आहे, २०००च्या सुमारापासून. पण तिच्याकडे तिथे कुणी म्हातारी होईल या नजरेने बघत नाही.

आता पेला.

पहिल्या संध्याकाळी आम्ही चूक केली, बाटली फ्रिजमधून काढून थेट ओतली. अर्धा तास काही नाही. थंडगार, आंबट, गप्प. मावसभाऊ चलबिचल करू लागला. पाहुण्याला दाखवायला काढलेलं पोर ऐन वेळी कविता विसरावं तसा त्याचा चेहरा. मी पेला तळव्यात धरून बसलो. रंग वाळलेल्या गवताचा, कडेला किंचित हिरवा. हळूहळू वास उघडला, आणि तो फळाचा नव्हता. दोन गारगोट्या एकमेकींवर घासल्यावर येतो तसा, जळका नाही, पण जळक्याच्या अलीकडचा. मग ओल्या बडीशेपेचं पान. मग मेण. त्यानंतर कुठे फळ आलं, तेही बिहीचं. बिही आपल्याकडे फळ म्हणून फारसं कुणी पाहिलेलं नसतं. काष्ठौषधींच्या दुकानात तिच्या बिया मिळतात, बिहीदाणा, पाण्यात टाकला की बुळबुळीत होणारा. केपमध्ये मात्र बिहीची झाडं शेताच्या कुंपणाला असतात. सफरचंदाची धाकटी, पण जास्त तुरट, जास्त सुगंधी, आणि कच्ची खाता न येणारी.

आणि संत्र्याची साल. ताज्या सालीचा तो डोळ्यांत उडणारा झणझणीत वास नव्हे. साल सोलून टेबलावर दुपारभर राहिल्यानंतरचा. सैल सालीच्या छोट्या संत्र्याला तिकडे ‘नार्ची’ म्हणतात. मावसभावाने हा शब्द उच्चारला तेव्हा मी दचकलो, कारण कानाला तो नारिंगासारखा लागला. आणि तसाच आहे तो: मूळ तमिळ ‘नारत्तै’. बंगालच्या उपसागराच्या किनाऱ्यावरून निघालेला शब्द केपच्या मळ्यात जाऊन बसला. तो कुणाच्या तोंडून गेला, हा प्रश्न त्या क्षणी मी बाजूला ठेवला. पेला समोर होता.

घोट. आधी आंबटपणा. मराठीत आंबटाच्या इतक्या छटा असताना आपले वाइनवाले ‘ॲसिडिटी’ म्हणून मोकळे होतात, याचा मला राग येतो. आंबूस, आंबटशार, आंबटढाण, आंबटगोड. एकेका शब्दाला वेगळी जागा आहे जिभेवर. हा आंबटपणा आवळ्याचा. आवळा तोंडात असताना चेहरा वाकडा करतो आणि नंतर साधं पाणी गोड लागतं. या वाइनमध्ये जिभेला कळेल अशी साखर नाही, पण घोट गिळल्यावर लाळ सुटते, आणि मग मागून एक गोडी येते, जी पेल्यात नव्हतीच. बऱ्याच तरुण शेनिनमध्ये आंबट आणि फळ हातात हात घालून येतात, लगेच नाचतात आणि लगेच जातात. इथे आंबट आधी येऊन जागा झाडून ठेवतं. फळ नंतर, सावकाश, मधोमध येऊन बसतं.

मग पोत. वर्षभर मेलेल्या यीस्टच्या गाळावर राहिलेली वाइन कधी कधी तुपकट होते. ही तुपकट नाही. भाताची पेज जरा निवल्यावर जशी जिभेवरून जाते, तसा हिचा घट्टपणा: पाण्यापेक्षा जड, पण चिकटत नाही. आणि कडेला एक तुरटपणा, बोराच्या सालीसारखा. पांढऱ्या वाइनमध्ये तुरट लागणं हा पुष्कळ वेळा दोष. इथे तोच आधार. जुन्या वेलीचे मणी लहान, रसाच्या मानाने साल जास्त. देठासकट दाबले की सालीचं थोडं काही रसात उतरतंच. मीठ? खारट म्हणता येणार नाही. भाजीत मीठ बेताचं पडलं की ते वेगळं सांगता येत नाही, फक्त भाजी भाजीसारखी लागते. तसं.

इथवर आल्यावर मराठी लेखकाला विलंबित ख्याल आठवायलाच हवा असा एक दंडक आहे. मी तो मोडतो. ही वाइन गात नाही. ती कमी बोलणाऱ्या म्हाताऱ्या शेतकऱ्यासारखी आहे: विचारलं तर सांगते, तेही अर्धं, आणि उरलेलं तुम्ही उठून निघालात की पाठीमागून.

हे ‘कमी’ येतं कुठून? सोपं उत्तर म्हणजे पीक कमी. पाण्यावर वाढवलेली तरुण बाग हेक्टरी पंधरा-वीस टन सहज देते. या खुंटांकडून दोन-चार टन मिळाले तरी मालक देवाला हात जोडतो. खोल गेलेली मुळं उन्हाळ्यात घाबरत नाहीत, जाड लाकडात साठवण असते, म्हणून एखादं वर्ष कोरडं गेलं तरी वेल हाय खात नाही. २०१७ तर दुष्काळाच्या ऐन मधलं साल. २०१५ पासून पाऊस रुसला होता, आणि २०१८च्या सुरुवातीला केप टाउनचे नळ कोणत्या दिवशी बंद होणार याची तारीख शहराने मोजायला घेतली होती. त्या तीन वर्षांत बोटलारीच्या टेकडीवरची एक शेनिनची बाग हरली. तिच्यापासून आल्हाइट नवरा-बायको ‘रेडिओ लाझारस’ नावाची वाइन करत. बाग मरणाच्या दारातून परत आणली म्हणून बायबलमधल्या लाझारसचं नाव. दुसऱ्यांदा ती उठली नाही. स्कर्फबर्गच्या वेली तगल्या. आणखी एक कारण कमी शोभेचं आहे: पुष्कळ जुन्या वेलींना पान वळवणारा विषाणू जडलेला असतो, त्यामुळे साखर सावकाश भरते. म्हणजे ज्याला आपण वयाचं शहाणपण म्हणून दाद देतो, त्यात थोडं दुखणंही मिसळलेलं असू शकतं. मला ते खटकत नाही. माणसांचंही असंच असतं.

पण जुनं ते सोनं हा हिशोब मला मान्य नाही. त्याच आठवड्यात दुसऱ्या एका घरची, मानेवर जुनं साल मिरवणारी बाटली आम्ही उघडली होती. ती निव्वळ दमलेली होती. वास पोटमाळ्याचा, चव संपत आलेल्या लोणच्याच्या खाराची. मोहोर खरी, साल खरं, रस नाही. आणि स्कर्फबर्गमध्येही एक खोट आहेच: पहिल्या संध्याकाळी घोटाच्या शेवटी घशाला किंचित ऊब लागली, उन्हात पिकलेल्या साखरेची. ज्याला वाइन पाण्यासारखी उतरायला हवी त्याला ती खुपेल.

अर्धी बाटली बूच लावून ठेवली. दुसऱ्या संध्याकाळी ऊब निघून गेली होती. गारगोटी मागे सरकली, बिही शिजून मऊ झाली, मधाचा वास आला पण मधाची गोडी नाही. आणि या सगळ्याखाली एक लाकडी, लालसर, वाळल्या पानाचा वास. मी म्हणालो, “रूइबोस.” मावसभाऊ म्हणाला, “तुला आता सगळीकडे रूइबोसच दिसणार.” त्याचं म्हणणं टाकून देण्यासारखं नव्हतं. वेलीशेजारी उगवलेल्या झुडपाचा वास द्राक्षात उतरतो, असं मी शपथेवर सांगणार नाही. नाकाला आठवण आणि वास यातला फरक फारसा कळत नाही, आणि त्या डोंगरावर आम्ही रूइबोस प्यायलो होतो.

पाजणारा होता तिथे छाटणी करणारा माणूस. पन्नाशीचा, लोकरीची टोपी, हातात कात्री. आम्ही वेलींत वाकून फोटो काढताना बघून तो थांबला, थर्मासमधून बिनदुधाचा लालभडक चहा त्याने झाकणात ओतला आणि पुढे केला. बोलणं आफ्रिकान्समधून, मावसभावाच्या मोडक्यातोडक्या मदतीने. त्याने मला विचारलं, तुमच्याकडे वेल किती वर्षं ठेवता? मी म्हणालो, तेरा, पंधरा. तो हसला नाही. त्याने शेजारच्या खुंटावर कात्रीचा दांडा टेकवला आणि सांगितलं, हे माझ्या आजोबांनी लावलंय, त्या ओळीपासून त्या दगडापर्यंत. कोणत्या साली? ते त्याला माहीत नव्हतं. आजोबांचं नाव मात्र त्याने पूर्ण सांगितलं, दोनदा, मावसभावाला नीट ऐकू आलं नाही म्हणून.

ही वाइन कधी प्यायलात का, असं मी विचारलं. नाही. तो चर्चवाला, थेंबही घेत नाही. आजोबांना मात्र मजुरीतली काही वाइनमध्येच मिळायची, दिवसातून चार-पाचदा, पत्र्याच्या मगातून. याला तिकडे ‘डॉप’ म्हणत. केपच्या मळ्यांतली ती रीत पिढ्यान्‌पिढ्या चालली. कायद्याने बंद झाल्यावरही कितीतरी वर्षं कुठे कुठे गुपचूप. हातात पैसे कमी, पोटात वाइन जास्त, म्हणजे माणूस मळा सोडून जात नाही. त्याची किंमत तिथल्या घरांनी मोजली, आईच्या पोटातच दारू पोहोचलेल्या मुलांनी मोजली. पश्चिम केपमध्ये अशा मुलांचं प्रमाण जगात सर्वांत जास्त नोंदलेल्यांपैकी आहे. पत्र्याच्या मगातली ती वाइन आणि माझ्या काचेच्या पेल्यातली ही वाइन एकाच मुलखाची, कदाचित एकाच जातीच्या द्राक्षाची. एवढं डोक्यात घेऊन प्यायलो म्हणून चव बदलली का? नाही बदलली. उत्तमच लागली. हे लिहून ठेवतो, कारण असं काही कळल्यावर घोट कडू लागला असं लिहिण्याची सोय असते.

आणि नार्ची. ६ एप्रिल १६५२ला यान व्हॅन रीबेक केपला उतरला. २ फेब्रुवारी १६५९ला तिथल्या द्राक्षांची पहिली वाइन निघाल्याची नोंद त्याच्या रोजनिशीत आहे. मधल्या काळात गुलाम यायला लागले होते. १८०८ पर्यंत सुमारे ६३,००० माणसं केपला आणली गेली असा इतिहासकारांचा अंदाज आहे, आणि त्यातली जवळजवळ चौथाई हिंदुस्थानातली: बंगाल, मलबार, कोरोमंडल. आडनावं त्यांना नव्हतीच. जिथून उचललं ते बंदर किंवा मुलूख म्हणजे आडनाव. अँसेला व्हॅन बेंगाले ही व्हॅन रीबेकच्याच घरात होती. १६६६ला सुटली, पुढे एका युरोपीय माणसाशी लग्न करून तिचा वंश केपमध्ये पसरला. या माणसांनी केपमधल्या वेली लावल्या, छाटल्या, तुडवल्या, आणि स्वयंपाकघरात, मळ्यात डच भाषा वापरून वापरून तिची आफ्रिकान्स केली. जी भाषा आज या बाटलीवर आहे, ती. स्कर्फबर्गच्या वेली त्यानंतर फार उशिरा, विसाव्या शतकात लागल्या. तेव्हा गुलामगिरी संपून शतक होत आलं होतं. पण नार्ची हा शब्द कुणाच्या तोंडून गेला, या बाजूला ठेवलेल्या प्रश्नाचं उत्तर एवढ्यावर मिळतं.

तेव्हा तो सातबारा. गाव आहे, पीक आहे, साल आहे, खातेदार आहे. मोहोर असेल तर लावल्याचं सालही. इतर हक्काचा रकाना या नमुन्यात छापलेलाच नाही.

गेल्या महिन्यात मावसभावाचा फोन आला. उरलेल्या दोन बाटल्यांना कुणी संग्राहक घेतल्या भावाच्या तिप्पट देतोय. वहिनी म्हणते देऊन टाका, घरात कोण पितंय एवढं. तो म्हणाला, “एक विकतो, एक तू येशील तेव्हा.” मग जरा थांबून म्हणाला, “दादा, त्या माणसाच्या आजोबांचं नाव काय होतं रे? तुझ्या वहीत असेल.”

मी वही काढली. जुलैचं पान सापडलं. लाल वाळू. खुंट मांडीएवढा, आत मुंग्या. दोन डोळ्यांवर छाटणी. पुढच्या पानावर गारगोटी, बडीशेपेचं पान, बिही, दुपारभर ठेवलेली साल, आवळा, पेज. रूइबोसपुढे प्रश्नचिन्ह. नाव नव्हतं.